कोठीचा हिशेब

दिवाळीत व्यापाऱ्याच्या पेढीवर नवी वही उघडते. तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक निघते, पानसुपारी ठेवली जाते आणि नव्या सालाचा जमाखर्च सुरू होतो. परंतु त्याआधी एक काम उरकलेले असते आणि त्याची पूजा कोणी करीत नाही. ते काम म्हणजे दुकानातला माल मोजण्याचे. फळीवर किती, पोत्यात किती, भिजले किती, किडले किती, याचा ताळा जमल्याशिवाय नफातोटा सांगायचा तरी कसा? मालाच्या या हिशेबाला आज कारखान्यांत आणि विद्यापीठांत शास्त्राचा मान मिळाला आहे. हे शास्त्र सातासमुद्रापलीकडून आले, असा आपला समज असतो. तो कितपत खरा, हे पाहायला कल्याणहून कर्जतकडे जाणारी गाडी पकडावी. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही ओळीने लागणारी तीन गावे या शास्त्राचे तीन धडे देतात.

शेवटल्या गावापासून सुरुवात करू. बदलापूरच्या नावाविषयी अशी आख्यायिका आहे, की कोकणातून सुरतेकडे दौडणारे मराठी स्वार येथे घोडे बदलीत, म्हणून हे बदलापूर. आख्यायिका ती आख्यायिका; पण तिच्यात एक मर्म आहे. दमलेला घोडा सोडून ताजा घ्यायचा, तर तो ताजा घोडा ठाण्यावर आधीपासून उभा हवा. आणि स्वार आज येवो की महिन्याने येवो, घोडा रोज दाणा खाणारच! साठा नसेल तर काम अडते, आणि असेल तर तो बसल्या जागी खर्च करवतो. सारे शास्त्र या एका पेचातून जन्मले आहे.

हा पेच शिवछत्रपतींनी किती नेमका ओळखला होता, हे त्यांच्या एका पत्रावरून दिसते. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणकडे छावणी करून राहिलेल्या घोडदळाच्या अंमलदारांना ते लिहिलेले आहे. त्याचा आशय असा : पावसाळ्यासाठी जमवलेला दाणा नि गवत आताच मन मानेल तसे खर्च कराल, तर ऐन पावसात काही मिळणार नाही. घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्याच्या घरी शिराल. कोणी त्याचे धान्य आणील, कोणी भाकर, कोणी भाजी. आणि रयतेला वाटेल, की याहून मोगल बरे. गवताच्या गंजीजवळ कोणी आगट्या करील, उंदीर जळती वात पळवील आणि सारी छावणी पेटेल, इथवर बारकाई त्या पत्रात आहे.

पत्रातला खरा मुद्दा घोड्यांपुरता नाही. सरकारी कोठारातली तूट सरकार सोसत नाही. ती शेवटी सर्वांत दुबळ्याच्या चुलीपाशी जाऊन पोचते. म्हणून कोठीचा हिशेब हा नुसता कारकुनी कामाचा भाग नव्हे, तो न्यायाचा भाग आहे.

पुढे रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात गडांची व्यवस्था सांगितली. हा ग्रंथ १७१५-१६ च्या सुमाराचा. गडावर झरा असला तरी त्यावरच विसंबू नये, तोफांच्या धक्क्याने झरे आटतात. म्हणून दोनचार टाकी जादा बांधून ते पाणी राखून ठेवावे. दारूचे कोठार वस्तीजवळ नसावे. आठपंधरा दिवसांनी हवालदाराने दारू आणि बाण बाहेर काढून ऊन द्यावे आणि पुन्हा मोहर करून ठेवावे. आजचा व्यवस्थापक पहिल्या गोष्टीला संरक्षक साठा म्हणतो आणि दुसरीला फिरती तपासणी. नावे नवी, मर्म तेच.

मग पाश्चात्त्यांनी काय दिले? त्यांनी आकडा दिला. १९१३ साली फोर्ड हॅरिस या अमेरिकन अभियंत्याने, माल एका वेळी किती करावा, या प्रश्नाचे सूत्र मांडले. ते समजून घ्यायला उल्हासनगरात उतरू. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित आले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. वस्त्यांना लोक अजून कॅम्प नंबर एक, दोन असेच म्हणतात. घरदार मागे टाकून आलेल्या माणसाजवळ भांडवल ते कितीसे असणार? त्याला माल थोडा आणणे, लवकर विकणे आणि त्याच पैशात पुन्हा आणणे भाग होते.

समजा, एका दुकानदाराला वर्षाला १२०० खोकी लागतात. माल आणण्याची एक खेप १०० रुपयांची, आणि एक खोके वर्षभर सांभाळण्याचा खर्च ६ रुपये. सारा माल एकदम आणला, तर खेपेचे १०० आणि सरासरी ६०० खोक्यांचे ३६००, मिळून ३७०० रुपये. दर महिन्याला १०० खोकी आणली, तर खेपांचे १२०० आणि सांभाळण्याचे ३००, म्हणजे १५००. पण २०० खोक्यांच्या सहा खेपा केल्या, तर ६०० आणि ६०० मिळून १२००. दोन्ही खर्च जिथे बरोबरीला येतात, तिथे बेरीज सर्वांत कमी होते. हॅरिसचे सूत्र हेच. विक्री चौपट झाली, तरी खेप दुपटीनेच वाढवावी, असेही ते सांगते.

१९५१ साली जनरल इलेक्ट्रिकच्या फोर्ड डिकी यांनी मालाचे अ, ब, क असे वर्ग पाडले. थोड्याच जिनसांत बहुतेक रक्कम गुंतलेली असते. त्यांवर कडक नजर, बाकीच्यांवर बेताची. पण इथे अंबरनाथचा धडा आठवावा. १९२३ साली स्थापन झालेल्या विमको कंपनीचा आगपेट्यांचा मोठा कारखाना येथे होता. काड्यांसाठीचे ओंडके सुकू द्यायचे नाहीत आणि तयार पेटी भिजू द्यायची नाही. एकाच आवारात दोन कोठारांचे दोन धर्म! आणि ती पेटी? किमतीने अगदी ‘क’ वर्गातली. परंतु ती संपली, की घरातले सारे धान्य कच्चेच राहायचे. म्हणून किमतीबरोबर निकडही पाहावी लागते.

२६ जुलै २००५ ला उल्हास नदी कोपली आणि काठच्या वस्त्यांत पाणी शिरले. २०२० च्या टाळेबंदीत रस्तेच थांबले. आज साठा संगणक मोजतो, माल लागेल तेव्हाच मागवण्याची रीत रूढ आहे, आणि चार दिवस बरे असतात तोवर ती उत्तम चालते. वाट बंद झाली, की मात्र अमात्यांचे जादा टाके आठवते.

यंदा पाडव्याला घरची कोठीही एकदा उघडून पाहावी. जुने पुढे, नवे मागे, डब्यावर तारीख, आणि येणाऱ्याजाणाऱ्यासाठी दोन मापे जादा. आपल्या आज्या हे कोणत्याही सूत्रावाचून करीत आल्या, आणि घरी आलेला माणूस उपाशी परतला नाही, हाच त्यांच्या हिशेबाचा ताळा होता.