देवीचा रोग, लसीकरण आणि सेवाग्राम : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

मराठीत रोगाचे नाव 'देवी' आणि त्यावरील लस टोचून घेणे म्हणजेही 'देवी काढणे'. रोग आणि उपाय एकाच शब्दात सामावले गेल्याचे असे उदाहरण विरळाच. देवी 'येतात', त्यांचा कोप होऊ नये म्हणून दारात कडुलिंबाचा डहाळा लावला जातो, ही लोकश्रद्धा विदर्भातही खोलवर रुजलेली होती. नागपूरपासून वेगळा होऊन 1862 मध्ये अस्तित्वात आलेल्या वर्धा जिल्ह्यात गावोगावी फिरणाऱ्या 'देवी डॉक्टरा'ला या श्रद्धेला सामोरे जावे लागले.

एडवर्ड जेन्नरने 1796 मध्ये गोस्तन देवीच्या लसीचा प्रयोग केला आणि 14 जून 1802 रोजी मुंबईत भारतातील पहिले यशस्वी लसीकरण झाले. आरंभी एका मुलाच्या दंडावरील फोडातील द्रव दुसऱ्याला टोचला जाई. वेदना, जखम चिघळण्याची भीती आणि जातिविटाळाची शंका यांमुळे या पद्धतीस विरोध झाला. तो निव्वळ अज्ञानातून आला, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. 1880 च्या लसीकरण कायद्याने सक्ती आणली, परंतु ती मुख्यत्वे अधिसूचित नगरपालिका व छावण्यांपुरती होती. खेडी तिच्याबाहेरच राहिली.

वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात या इतिहासाला एक वेगळे वळण आहे. महात्मा गांधी 1936 मध्ये शेगाव येथे राहावयास आले. 1940 मध्ये या गावाचे नामकरण 'सेवाग्राम' असे झाले. गांधीजी लसीकरणाचे ठाम विरोधक होते. 'इंडियन ओपिनियन'मधील 1913 च्या आरोग्यविषयक लेखमालेत त्यांनी लस हा घाणेरडा उपाय असल्याचे मत मांडले होते. गायीच्या शरीरातील द्रव टोचून घेणे त्यांच्या अहिंसेला आणि शाकाहाराला मान्य नव्हते. शुद्ध आहार, स्वच्छता व संयम यांवर त्यांची भिस्त होती. 1930 मध्ये दांडीयात्रेच्या आधी साबरमती आश्रमात देवीची साथ येऊन बालके दगावली. त्यांत संगीतज्ञ पं. नारायण मोरेश्वर खरे यांचा मुलगाही होता. या प्रसंगाने गांधीजी व्यथित झाले, पण त्यांनी आपले मत सोडले नाही. स्वच्छतेने पटकी, विषमज्वर यांसारखे रोग आटोक्यात येतात. श्वासावाटे आणि निकट संपर्कातून पसरणारा देवीचा विषाणू मात्र स्वच्छ घरातही शिरतो. गांधीजींच्या विचारातील उणीव येथे होती.

त्यांच्याच सहवासात सेवाग्रामी वैद्यकीय सेवा करणाऱ्या डॉ. सुशीला नायर पुढे 1962 ते 1967 या काळात केंद्रीय आरोग्यमंत्री होत्या. 1962 मध्येच राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. गुरूने नाकारलेला उपाय शिष्येच्या मंत्रालयाने देशभर नेला, याकडे इतिहासकारांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. 1969 मध्ये त्यांनी सेवाग्राम येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभारली.

आरंभी 80 टक्के लोकसंख्येला लस देण्याचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात शाळकरी मुलांना पुन्हा पुन्हा टोचले गेले आणि दूरच्या वस्त्या सुटल्या. यश आले ते रुग्णशोध आणि वेढाबंदीच्या धोरणामुळे. देवीचा रुग्ण साधारणतः ताप व पुरळ आल्यानंतरच संसर्ग पसरवतो आणि हा विषाणू मानवाखेरीज अन्य प्राण्यांत टिकत नाही. त्यामुळे रुग्ण शोधणे, त्याला वेगळे ठेवणे आणि भोवतालच्या सर्वांना लस देणे पुरेसे ठरले. कार्यकर्ते आठवडी बाजारांत रुग्णाचे चित्र दाखवून चौकशी करीत. खबर देणाऱ्यास बक्षीस मिळे. 24 मे 1975 रोजी आसाममध्ये बांगलादेशातून आलेली शेवटची रुग्ण आढळली. 1977 मध्ये भारत आणि 1980 मध्ये जग देवीमुक्त घोषित झाले.

गोवराच्या बाबतीत मात्र हीच युक्ती अपुरी पडते. गोवराचा रुग्ण पुरळ दिसण्यापूर्वी सुमारे चार दिवसांपासूनच संसर्गक्षम असतो. तो ओळखू येईपर्यंत शेजारची मुले बाधित झालेली असतात. म्हणून येथे विलगीकरणापेक्षा आधीचे लसीकरणच निर्णायक ठरते आणि सुमारे 95 टक्के बालकांना दोन्ही मात्रा मिळाव्या लागतात. महाराष्ट्रात 2022 मध्ये मुंबई, भिवंडी व मालेगाव येथे झालेल्या उद्रेकात, लस न मिळालेल्या बालकांचे प्रमाण मोठे होते.