झेंडूचे मूळ गाव

दसऱ्याला दारावर झेंडूचे तोरण नसले, तर आपल्याला सण साजरा झाल्यासारखा वाटतच नाही. हे फूल पुराणकाळापासून आपल्या अंगणात असावे, असा आपला समज. इतिहास मात्र निराळेच सांगतो. झेंडूचे मूळ गाव मेक्सिको; निशिगंध आणि डेलियाही तिकडचेच. कोलंबस १४९२ साली अमेरिकेस पोहोचला, त्यापूर्वी यांतले एकही फूल आपल्याकडे नव्हते.

मेक्सिकोत तेव्हा बागाईतीची विद्या भरास आली होती. पंधराव्या शतकात थोरल्या मोक्तेसुमा राजाने ओआस्तेपेक येथे मोठी बाग उठवली. दूरच्या उष्ण मुलखातून त्याने फुलझाडे मुळांसकट आणवली, आणि ती जगावीत म्हणून त्या मुलखातले माळीही बायकामुलांसह आणून वसवले. रोप आणले म्हणजे बाग झाली असे नव्हे, हे त्या राजाने ओळखले होते. १५२१ साली स्पेनच्या कोर्तेसने त्यांचे राज्य बुडवले. पण त्याच कोर्तेसने १५२२ साली आपल्या राजाला पाठवलेल्या पत्रात या बागेची तोंडभरून स्तुती केली. राज्य गेले, फुले मात्र समुद्र ओलांडून जगभर पसरली. डेलियाचे बी माद्रिदच्या शाही बागेत रुजले, आणि १७९१ साली त्याला डाल नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाचे नाव मिळाले.

आपल्याकडे झेंडू रुजवला तो इथल्याच हातांनी. दसऱ्याला फूल हवे तर आषाढात बी वाफ्यात टाकायचे, महिन्याभराने रोपे लावायची, शेंडा खुडून फांद्या फुटू द्यायच्या, मुळाशी पाणी साचू द्यायचे नाही, आणि टपोरी फुले वाळवून पुढल्या सालचे बी राखायचे. असे पिढ्यान्‌पिढ्या चालले, तेव्हा परक्या मुलखातले हे फूल आपल्या देवघरात आले. त्या माळ्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत.

मेक्सिकोत आजही नोव्हेंबरच्या आरंभी पितरांच्या स्वागतासाठी झेंडूच्या पाकळ्या वाटेवर पसरतात. त्याच्या थोडे आधी आपण त्याच फुलाचे तोरण बांधलेले असते. दोघांचाही त्यावर हक्क आहे, कारण दोघांनीही ते जोपासले आहे. अमुक आपले आणि तमुक परके असा वाद निघेल, तेव्हा आपण आधी आपल्या दारावरचे तोरण पाहावे.