दारोदार मोटारविक्री : जपानमधील ग्राहकनिष्ठेची घडण

दुसऱ्या महायुद्धापूर्वी जपानच्या मोटारबाजारावर फोर्ड आणि जनरल मोटर्स या अमेरिकी कंपन्यांची पकड होती. पहिलीने १९२५ मध्ये योकोहामाला आणि दुसरीने १९२७ मध्ये ओसाकाला आयात सुट्या भागांची जुळणी सुरू केली होती. जनरल मोटर्सच्या या शाखेत काम केलेले शोतारो कामिया १९३५ मध्ये टोयोडा उद्योगसमूहात आले, तेव्हा अडचणीत आलेल्या स्थानिक वितरकाला परकी कंपनी किती निष्ठुरपणे वाऱ्यावर सोडते, हे त्यांनी जवळून पाहिलेले होते. ग्राहकाचे हित आधी, वितरकाचे त्यानंतर आणि कारखानदाराचे शेवटी, हा त्यांनी रुजवलेला क्रम त्यामुळे केवळ सौजन्याचा नव्हता. दुखावलेला वितरक ग्राहक टिकवू शकत नाही, असा त्यामागे हिशेब होता.

१९५० मध्ये या समूहातून निघालेली मोटार कंपनी टोयोटा दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर असताना बँकांच्या अटीनुसार विक्रीसाठी स्वतंत्र कंपनी निघाली आणि तिची सूत्रे कामियांकडे आली. मोटार चालवता येणारी माणसेच थोडी असल्याने त्यांनी १९५७ मध्ये नागोयात वाहनचालन शिकवणारी शाळा काढली, म्हणजे ग्राहक मिळवण्याआधी तो घडवायला घेतला. वितरकांचे विक्रेते घरोघर फिरत, कुटुंबात माणसे किती, गाडी कोणती आणि किती जुनी याची नोंद ठेवत आणि विक्रीनंतरही येत राहत.

या भेटींना सरकारी नियमांचे मोठेच पाठबळ मिळाले. ‘शाकेन’ म्हणजे वाहनांची ठरावीक मुदतीने होणारी सक्तीची तपासणी. ती खर्चिक असल्याने मुदत जवळ आली की विक्रेता एकतर तपासणीची सारी जबाबदारी घेई किंवा जुनी गाडी मोडीत न काढता बदल्यात घेऊन नवी सुचवी. १९६२ च्या कायद्याने गाडी ठेवण्याच्या जागेचा दाखला आवश्यक केल्यावर तीही कागदपत्रे बहुधा तोच करून देऊ लागला. ज्याला निष्ठा म्हटले गेले, तिच्यात जिव्हाळ्याइतकाच कटकट टळल्याचा दिलासा होता, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

ही निष्ठा मात्र कारखान्यापेक्षा दुकानाशी जडलेली होती, कारण टोयोटाने टोयोपेट, पब्लिका, ऑटो अशा वेगवेगळ्या विक्रीसाखळ्या उभारून प्रत्येकीला ठरावीक मॉडेले वाटून दिली होती. ऐपत वाढलेल्या ग्राहकाला मोठ्या गाडीसाठी दुसऱ्या साखळीकडे जावे लागू नये, म्हणून पुढे मार्क टू, चेसर आणि क्रेस्टा अशा जवळजवळ एकाच गाडीच्या तीन आवृत्त्या तीन साखळ्यांतून विकल्या गेल्या. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ही उधळपट्टीच होती, पण जुन्या विक्रेत्याचा ग्राहक त्याच्याकडेच राहण्याची ती किंमत होती. विक्री कंपनी १९८२ मध्ये मूळ कंपनीत विलीन झाली, तरी मॉडेलांची वाटणी चालूच राहिली आणि मे २०२० पासून जपानभरातील सर्व दुकानांत सर्व मॉडेले मिळू लागली, तेव्हाच ती संपली.