तळ्यातील मासळीचा हिशेब

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांच्या संपादनाखाली त्याचा पहिला खंड 1925 साली निघाला. त्यातील मत्स्यविनोदाच्या प्रकरणात गळ, दोरी आणि माशांना घालावयाचे खाद्य यांची माहिती राजाने मोठ्या चवीने दिली आहे. धनी राजाच असला म्हणजे तळे रिते होण्याची धास्ती फारशी नसते. सामान्य शेतकऱ्याचे तसे नाही.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात 1930 नंतरच्या दशकात हाच प्रश्न उभा राहिला. शेतातील लहान तळ्यांत मासे सोडावेत, आणि दोन-तीन वर्षांत गळाला बोटभर पिलांखेरीज काही लागू नये! लोक म्हणत, फार मासे धरले गेले. आता मासेमारी थांबवा, नवी पिले सोडा. ऑबर्न येथील कृषी संशोधन केंद्रातील होमर स्विंगल हे मूळचे कीटकशास्त्रज्ञ. त्यांनी 1934 च्या सुमारास प्रयोगासाठी तळी बांधविली आणि ती उपसून आतला मासा न् मासा मोजला, तोलला. शेतकऱ्याने कणगी मापावी तसे!

निष्कर्ष लोकसमजुतीच्या अगदी उलट निघाला. तळे ठराविक वजनाचीच मासळी पोसू शकते. ते वजन मूठभर मोठ्या माशांत असेल, किंवा हजारो खुरट्या पिलांत. तळे बिघडत होते ते बहुधा माशांच्या दुष्काळाने नव्हे, दाटीने. मग स्विंगल यांनी जोडी जमविली: किडे खाणारा ब्लूगिल आणि त्याची पिले खाणारा बास. ब्लूगिल आधी सोडावयाचे, बास मागाहून, एकरी सुमारे शंभर. पाण्यात नत्र-स्फुरदाचे खत घालावयाचे, म्हणजे सूक्ष्म शेवाळ वाढून पाणी हिरवे होते, त्यावर किडे पोसतात आणि तळाशी ऊन न पोचल्याने पाणवनस्पतीही माजत नाहीत. कोपरापर्यंत हात बुडवावा. बोटे दिसली तर पुन्हा खत घालण्याची वेळ झाली. स्विंगल आणि स्मिथ यांची या विषयावरील पुस्तिका 1942 साली प्रसिद्ध झाली.

आणि मासे धरावयाचे, भरपूर धरावयाचे! हे लोकांच्या गळी उतरविणे खतापेक्षा अवघड गेले असावे. ‘राखून ठेवा’ हा उपदेश ऐकण्याची सवय झालेल्या माणसाला ‘काढून टाका’ हा उपदेश पापासारखा वाटतो. उत्तरेकडील थंड राज्यांत मात्र ही जोडी इतकी सुरळीत चालली नाही. तेथे ब्लूगिल वारंवार बासला पुरून उरले.

तळे उपसल्यावाचून त्याची प्रकृती ओळखण्याची युक्तीही स्विंगल यांनी सांगितली. उन्हाळ्यात काठाशी लहान ओढजाळे फिरवावे. नुकतीच जन्मलेली ब्लूगिलची पिले आणि बासचीही पिले आली, तर तळे ठीक आहे. तीन-चार इंची ब्लूगिलच ढिगाने आले आणि बासचे एकही पिलू नाही, तर दाटी झाली आहे. बासची अंडी हेच ब्लूगिल फस्त करीत आहेत.