पाळणा, पांगुळगाडा आणि खुर्ची

माहूरच्या तीन शिखरांपैकी एकावर रेणुका आहे, दुसऱ्यावर दत्त आणि तिसऱ्यावर अनसूया. येणाऱ्यांची गर्दी पहिल्या दोन ठिकाणी अधिक. आमच्या विषयाचे सूत्र मात्र तिसऱ्या शिखरावर आहे. सत्त्वपरीक्षा पाहायला आलेल्या ब्रह्मा, विष्णू आणि महेश यांना अनसूयेने तान्ही मुले केले आणि पाळण्यात घातले, ही कथा मराठी माणसाला सांगायला नको. मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजन्माचा पाळणा हलतो तो याच स्मृतीने. या कथेत एक बारीक तपशील आहे, ज्याकडे सहसा कोणी पाहत नाही. तिन्ही जगांचे धनी मूल झाले तेव्हा त्यांची आसने गेली. कमळ गेले, शेष गेला, व्याघ्रचर्म गेले. उरला तो लाकडी पाळणा.

आमच्या स्नेह्यांपैकी एकाने अलीकडे आपल्या तीन वर्षांच्या नातीसाठी घरच्या घरी एक साधी लाकडी खुर्ची करायला घेतली. जुन्या दाराच्या फळ्या, चार पाय, पाठीला दोन पट्ट्या, एवढाच कारभार. तेव्हा सहज प्रश्न निघाला, की या वस्तूला आपल्याकडे जुने नाव काय? आम्ही बराच विचार केला. मूल निजते त्याला पाळणा किंवा झोळी. मूल चालायला शिकते ते पांगुळगाड्याने, म्हणजे सुताराने केलेल्या तीन चाकांच्या त्या गाड्याला धरून. हा शब्द मराठीत इतका मुरला आहे, की परावलंबी माणसाला मिळणाऱ्या आधारालाही आपण पांगुळगाडाच म्हणतो. मूल जेवायला बसते ते पाटावर, आणि पाट काही मुलाचा म्हणून वेगळा नसतो. फार तर लहान आकाराचा. मुलाच्या खुर्चीला स्वतंत्र शब्द नाही. 'खुर्ची' हा शब्दच मुळी अरबी 'कुर्सी'वरून फारसीमार्गे आलेला, आणि तो आला तोही घरात नव्हे, कचेरीत.

याचा अर्थ आपल्याकडे मुलांची उपेक्षा होती, असा कोणी काढील तर ते उथळपणाचे होईल. ज्या घरात मोठी माणसेही जमिनीवर बसतात, जेवतात, दळतात, कांडतात, त्या घरात मुलाला वेगळ्या उंचीची गरजच पडत नाही. मूल आणि आजी एकाच पातळीवर असतात. खुर्ची-टेबलाच्या घरात मूल तळाशी राहते आणि त्याला वर उचलण्यासाठी निराळे उपकरण लागते. म्हणजे मुलाची खुर्ची ही मोठ्यांच्या खुर्चीने निर्माण केलेली गरज आहे. ज्या संस्कृतीत खुर्ची प्राचीन, तिथे मुलाची खुर्चीही प्राचीन. १९२२ साली सापडलेल्या तुतनखामुनच्या थडग्यात सोन्याच्या सिंहासनाबरोबर आबनुसाची, हस्तिदंती जडावाची एक छोटी खुर्ची निघाली. नऊ-दहा वर्षांच्या वयात राजा झालेल्या पोराची ती खुर्ची.

बालराजे आपल्याकडेही झाले. सवाई माधवराव चाळीस दिवसांचा असताना १७७४ साली पेशवा झाला. पण पेशव्यांची गादी होती, खुर्ची नव्हती. ज्याच्या राज्यात माहूर होते त्या निजामाच्या घरातही मसनद होती. १८६९ साली मीर महबूब अली खान अवघ्या अडीच वर्षांचा असताना हैदराबादच्या मसनदीवर बसला. हा प्रसंग आमच्या विषयाला फार जवळचा आहे. तोवर इंग्रज रेसिडेंट दरबारात जोडे काढून जमिनीवर बसत असे. या वेळी इंग्रजांनी ती रीत मोडली; जोडे पायात ठेवले आणि खुर्च्यांवर बसले. राजा अडीच वर्षांचा, बोलता येण्याजोगाही नाही, आणि त्याच्यासमोर मोठ्यांचा वाद चालला आहे तो कोणी कशावर बसावे याचा! खुर्ची म्हणजे सत्ता हा मराठीतला रूढ अर्थ काही निवडणुकांनी दिलेला नाही. तो याहून जुना आहे.

आता लाकडाकडे येऊ. माहूर-किनवटचा पट्टा हा मराठवाड्यातला एरवी दुर्मीळ असा जंगलाचा मुलूख. पैनगंगेच्या दोन्ही अंगांना साग आहे. ज्या किनवट तालुक्यातून पुढे माहूर हा वेगळा तालुका झाला, तो १९५६च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. भाषा आणि लोक यांची सरमिसळ इथे अजूनही दिसते. गोंड, कोलाम, आंध, बंजारा आणि मराठी शेतकरी एकाच बाजारात भेटतात. सागाचे गुण सांगावेत तितके थोडे. त्याच्या अंगच्या तेलामुळे वाळवी त्याला सहसा लागत नाही, तो पावसात फारसा फुगत नाही, उन्हात फारसा आकसत नाही. दोष म्हटला तर एवढाच, की त्यात वाळूचा अंश असतो आणि रंध्याचे पाते लवकर बोथट होते. पण सुतार एकट्या सागावर जगत नसे. गाडीच्या चाकाला बाभूळ, आसाला आणि दांड्याला धावडा, हलक्या कामाला शिवण. निर्मळची रंगीत खेळणी होतात ती पोणकी नावाच्या अगदी हलक्या लाकडाची, आणि तिकडे सावंतवाडीच्या चिताऱ्यांची लाकडी फळे आणि रंगवलेले पाट यांची वेगळीच परंपरा.

मग इतके लाकूड दाराशी असताना इथल्या मुलाला लाकडी बैठक का मिळू नये? कारण लाकूड दाराशी होते, पण दारातल्या माणसाचे नव्हते. इंग्रजी मुलखात १८७८च्या कायद्याने राखीव जंगलांची जी व्यवस्था घातली, तिचीच प्रतिकृती निजामी राज्यात उभी राहिली. साग हे तर सरकारचे झाड. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ १९४०च्या दशकात आदिलाबादच्या गोंडांत राहिला. त्याने लिहून ठेवलेल्या हकिगतींत जंगलखात्याच्या खालच्या नोकरांना द्यावा लागणारा 'मामूल' पुन्हा पुन्हा येतो. नांगरासाठी लाकूड न्यायचे तर मामूल, झोपडीसाठी न्यायचे तर मामूल. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात कोमरम भीम मारला गेला, त्या लढ्याच्या मुळाशी जंगल आणि जमीन यांचाच प्रश्न होता. त्यानंतर सरकारला जाग आली आणि हाइमेनडॉर्फच्या सल्ल्याने १९४३पासून मार्लवाईला गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र चालू झाले. तिथली गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत छापली होती, ही गोष्ट मराठी वाचकाला मुद्दाम सांगण्यासारखी आहे. ज्याला नांगराच्या लाकडासाठी हात जोडावे लागतात, तो मुलाच्या खुर्चीसाठी कुऱ्हाड उचलील ही अपेक्षाच व्यर्थ.

मैदानी गावांत अडचण निराळी होती. तिथे सुतार होता. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिला. त्यात बलुतेदारांचे जे चित्र आहे त्यात सुतार थोरल्या ओळीत बसतो. कारण उघड आहे. त्याच्यावाचून नांगर, वखर, तिफण चालत नाही. वर्षभर औते दुरुस्त करायची आणि सुगीला धान्य घ्यायचे, हा करार. पण हा करार शेतीचा होता. पाळणा, चौरंग, देव्हारा या कामांचे पैसे वा धान्य वेगळे. साहजिकच घरातले लाकूडकाम लग्न, बारसे, पूजा अशा निमित्तांना चिकटलेले राहिले. बारशाला पाळणा हवाच. मुलाच्या बसण्याला कोणताच संस्कार जोडलेला नाही, म्हणून त्यासाठी सुताराकडे खेप नाही. आमच्या मते मुलाची खुर्ची आपल्या घरांत उशिरा आली त्याचे एक कारण इतके साधे आहे.

दुसरे कारण साधे नाही. बसणे ही आपल्या गावांत कधीच केवळ शरीराची क्रिया नव्हती. कोण ओट्यावर, कोण पायरीवर, कोण उकिडवा अंगणात, हे जन्माने ठरलेले. वरच्या जातीचा माणूस समोरून गेला की आपल्याच दारातल्या बाजेवरून उठून उभे राहण्याची सक्ती सोसलेली माणसे काल-परवापर्यंत आपल्यात होती. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या साताऱ्याच्या शाळेची आठवण लिहिली आहे. वर्गात बसायला त्यांना वेगळे गोणपाट लागे. शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावत नसे, म्हणून संध्याकाळी ते घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. भारतीय मुलाच्या आसनाचा इतिहास कोणी लिहील तेव्हा त्याला या गोणपाटाच्या तुकड्यापासून आरंभ करावा लागेल. घरून स्वतःची बैठक नेणारे ते मूल आणि मसनदीवरचा तो अडीच वर्षांचा निजाम यांच्यात जेमतेम तीस वर्षांचे अंतर आहे.

मुलाची खुर्ची हा विचार म्हणून जगात आला तो मारिया माँतेसरीमुळे. ६ जानेवारी १९०७ला रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत तिने 'बालगृह' उघडले. शाळांतली जमिनीला ठोकलेली बाके तिला मुलांच्या गुलामीची खूण वाटत. मुलाला स्वतः उचलून हलवता येईल अशी हलकी खुर्ची तिने आणली. ती पडली, आपटली, आवाज झाला तर होऊ द्या. त्या आवाजातूनच मूल शिकते, असे तिचे म्हणणे. गिजुभाई बधेकांनी आणि ताराबाई मोडकांनी हा विचार इकडे रुजवला. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला. पण माँतेसरीची साधने महाग. १९४५ साली ताराबाई आणि अनुताई वाघ बोर्डीला गेल्या, पुढे १९५७ साली कोसबाडला. तिथल्या पाड्यांवरची मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. शिंपल्या, बिया, खडे हीच साधने झाली. 'अंगणवाडी' या शब्दाचा उगम तिथला. पुढे २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झालेल्या सरकारी बालविकास योजनेने हा शब्द देशभर नेला. वाटेत खुर्ची गळली हे खरे, पण तिची खंत करण्याचे कारण नाही. मुलाच्या उंचीला उतरणे हा माँतेसरीचा मूळ हेतू होता आणि अंगणात सगळेच जमिनीवर असतात. आज अनेक अंगणवाड्यांत रंगीत प्लास्टिकच्या छोट्या खुर्च्या दिसतात. त्या धुता येतात, एकात एक रचता येतात. उन्हात ठेवल्या की काही वर्षांत तडकतात आणि मग त्यांचे काहीच करता येत नाही.

घरी खुर्ची करण्याचा खटाटोप कशासाठी, या प्रश्नाचे एक उत्तर इथे आहे. १९३४ साली मंदीच्या काळात खेरिट रीटफेल्ड या डच सुतार-वास्तुकाराने मालाच्या खोक्यांच्या फळ्यांचे फर्निचर काढले. १९७४ साली एन्झो मारी या इटालियन कलावंताने फळ्या आणि खिळे यांतून कोणालाही घरी करता येतील अशा वस्तूंचे आराखडे प्रसिद्ध केले. त्याचा दावा असा, की स्वतः एक खुर्ची केलेला माणूस दुकानातल्या खुर्चीकडे निराळ्या डोळ्यांनी पाहतो. आपल्याकडे संत्र्याच्या नि आंब्याच्या खोक्यांचे पाट, मांडण्या करणाऱ्यांना मारीचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

काम खरोखरच थोडे आहे. गुडघ्यामागच्या खोबणीपासून टाचेपर्यंत मुलाचा पाय मोजायचा. तीच बैठकीची उंची. युरोपीय मानकात ९३ ते ११६ सेंटिमीटर उंचीच्या मुलाला २६ सेंटिमीटरची बैठक सांगितली आहे, त्याहून लहानाला २१. पाय लोंबकळता कामा नयेत. चारी पाय खाली किंचित फाकवलेले हवेत, नाहीतर मूल मागे रेलले की खुर्ची उलटते. सांधा खिळ्याचा नको. एका लाकडाला भोक, दुसऱ्याला कुसू आणि वर पाचर. मराठवाड्याचा मे महिना आणि त्यापाठोपाठचा पाऊस यांत लाकूड आकसते, फुगते. खिळा अशाने ढिला होतो. जाणता कारागीर आडवी दांडी खडखडीत वाळलेली घेतो आणि पायाचे लाकूड किंचित ओले. पाय वाळताना आकसतो आणि दांडीला घट्ट धरतो. लोहार तापलेली धाव चाकावर चढवतो आणि ती थंड होताना चाक आवळते, तशातलाच हा प्रकार. शेवटी रंधा, काचकागद आणि जवसाचे तेल. कोपरे मात्र गोल मारलेच पाहिजेत.

या सगळ्याला लाकूड लागते ते किती? फूटभर लांबीचे चार तुकडे, तितकीच लांब-रुंद एक फळी आणि थोड्या पट्ट्या. इमारतीच्या दृष्टीने ही ढलपीच. २००६च्या वनहक्क कायद्याने जंगलवासीयांना गौण वनोपजावर हक्क दिला. इमारती लाकूड त्यातून वगळले, पण बांबू, झुडपांच्या काटक्या आणि तोडलेल्या झाडांचे बुंधे यांची नावे त्या व्याख्येत स्पष्ट घातलेली आहेत. सागाची तुळई आजही माहूरच्या रानातून कोणाला परवान्यावाचून आणता येत नाही. बांबूचे चार पाय आणि बुंध्याच्या फळकुटाची बैठक मात्र त्या व्याख्येत बसते.

स्नेह्यांच्या नातीची खुर्ची दाराच्या जुन्या सागाची झाली. दोन वर्षांनी तिला ती पुरणार नाही. आजीने ती आधीच मागून ठेवली आहे. गुडघे दुखतात, आणि भाजी निवडायला तेवढीच उंची तिला हवी असते.