देखणा कुत्रा, कामाचा कुत्रा

शंकरपटाचा बैल कसा पारखावा, हे गोंडपिपरी-चामोर्शीकडच्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. तो बैल पळवून पाहतो. पशुप्रदर्शनातले परीक्षक मात्र शिंगे, वशिंड, कातडी आणि ठेवण पाहून गुण देतात. जनावर एकच, पारखी दोन. कुत्र्यांच्या बाबतीत याच दोन पारखींमुळे काही जातींची चक्क दोन-दोन घराणी झाली.

कुत्र्यांचे रीतसर प्रदर्शन इंग्लंडात न्यूकॅसल येथे १८५९ साली भरले. त्यात पॉइंटर आणि सेटर या शिकारी जाती होत्या आणि बक्षीस होते बंदुकांचे! निवाडा मात्र रूपावर झाला. पुढे १८७३ मध्ये लंडनचा केनेल क्लब निघाला. वंशावळीच्या वह्या आल्या, लक्षणे कागदावर आली आणि प्रदर्शनात जिंकणाऱ्याच्या पिलांना मागणी वाढली. शर्यतीचा ग्रेहाउंड आणि प्रदर्शनाचा ग्रेहाउंड यांचे वंश हळूहळू वेगळे झाले. जर्मनीत माक्स फॉन श्टेफानित्स यांनी १८९९ मध्ये जर्मन शेफर्डची संस्था काढली आणि कुत्रा कामाचाच हवा, असा आग्रह धरला. तरी त्या जातीतही पुढे दोन तट पडलेच.

आपल्या दख्खनचा कारवानी पाहा. लांब डोके, खोल छाती, खपाटीला गेलेले पोट. हे रूप कुणी हौसेने घडवलेले नाही; माळरानावर सशामागे धावता धावता ते घडले. मुधोळ संस्थानचे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची निगुतीने पैदास केली, म्हणून त्यांना मुधोळ हाउंड असेही नाव पडले. २००५ साली त्यांच्यावर टपाल तिकीट निघाले.

पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधने आली आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर उरलीसुरली वाटही बंद झाली. ते योग्यच झाले. त्याबरोबर कारवानीची जुनी परीक्षाही संपली. आता उरले प्रदर्शनाचे रिंगण. तिथे छाती किती खोल हे दिसते. दम किती, नजर किती, हे दिसत नाही.

मग नुसता वेगच पाहावा का? तेही धोक्याचे. वेगासाठी निपजवलेला कुत्रा हरू लागला की मालकाला नकोसा होतो. शिवाय जिंकणाऱ्या एकाच नराची पिले सगळीकडे गेली, तर वंशातले दोषही सगळीकडे जातात. ही चूक प्रदर्शनवाल्यांची तशीच शर्यतवाल्यांची.

तिसरी वाटही आहे. २०१६ मध्ये लष्कराने मुधोळची पिले मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी घेतली. शिकारीऐवजी राखणीचे, शोधाचे काम देऊन कुत्रा पारखता येतो. म्हणून पिलू घेताना आई-बापांनी किती चषक मिळवले, एवढेच विचारू नये. ते कोणते काम करतात, किती वर्षे निरोगी राहिले, हेही विचारावे. जंगलाकाठच्या गावात राखणीचा कुत्रा आजही याच कसोटीवर ठेवतात.