आगीत टिकलेली निळाई

नीळीच्या झुडपापासून काढलेला रंग सुती कापडावर वर्षानुवर्षे राहतो. तोच मडक्यावर लावून मडके भट्टीत ठेवले, तर जळून जातो. भांड्यावर निळे फूल उमटवायचे तर आगीला न भिणारी निळाई हवी. ती कोबाल्टने दिली.

रसायनशास्त्राची पुस्तके या निळ्या रंगाची हकीगत बहुधा १८०२ पासून सांगतात. त्या वर्षी फ्रान्सच्या लुई जाक थेनार यांनी कोबाल्टचा क्षार आणि ॲल्युमिना एकत्र तापवून कोबाल्ट ॲल्युमिनेटची निळी पूड मिळवली. ही पूड मुळात प्रखर आचेतच जन्मते. त्यामुळे पुढे भट्टीत गेली तरी रंग सोडत नाही. ऊन आणि आम्ल यांनाही ती सहसा दाद देत नाही. तिला थेनार यांचे नाव मिळाले, ते रास्तच.

पण त्याच्या पाचशे वर्षे आधी, हिजरी ७०० म्हणजे सन १३०१ मध्ये, इराणातील काशानच्या अबुल कासिम यांनी झिलईच्या भांड्यांची सारी कृती फारसीत लिहून ठेवली होती. घराणे कुंभारांचे, स्वतः ते इलखानी दरबारातले इतिहासकार. असा योग क्वचितच येतो. एरवी कारागिराचा हुनर त्याच्याबरोबरच दफन होतो. निळ्या रंगाचा दगड काशानजवळच्या कमसर गावच्या डोंगरात मिळतो, काळ्या कवचात तो चांदीसारखा चमकतो आणि कारागीर त्याला 'सुलेमानी' म्हणतात, असे ते नोंदवतात. हजरत सुलेमान यांनी तो शोधला, अशी गावकऱ्यांची समजूत होती. कमसर आज गुलाबपाण्यासाठी प्रसिद्ध आहे.

ही निळाई पुढे चीनला गेली. जिंगदेझेनच्या भट्ट्या सुमारे १३०० अंश सेल्सियसपर्यंत तापत. तिथेही रंग टिकला. पांढऱ्या चिनी मातीवरची ती निळी नक्षी जगभर 'चिनी' म्हणूनच ओळखली गेली. चिनी लोकांनी मात्र बाहेरून येणाऱ्या या रंगाला 'हुइ-हुइ छिंग', म्हणजे मुसलमानांचा निळा, असे नाव दिले. सम्राट झेंगदे यांच्या काळातील (१५०५-१५२१) काही निळ्या-पांढऱ्या भांड्यांवर अरबी-फारसी अक्षरेही आहेत.

एवढ्यावरून 'सगळे आपणच शोधले' असे म्हणायची घाई नको. ती आपली जुनी खोड आहे. इजिप्तच्या कारागिरांनी इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातच कोबाल्टने काच निळी केली होती. शिवाय काशानच्या झिलईत कोबाल्ट काचेत विरघळून रंग देतो. थेनार यांची पूड हा वेगळा स्फटिक आहे आणि तो कशातही मिसळता येतो. म्हणूनच आज ती चिनी मातीच्या भांड्यांत, धातूवरच्या मिन्यात, प्लॅस्टिकमध्ये आणि चित्रकाराच्या नळीत सापडते. प्लॅस्टिक वितळवून साच्यात ओतताना नाजूक रंग करपतात, हा करपत नाही. महाग मात्र आहे. कोबाल्ट आता मुख्यतः आफ्रिकेतील काँगोतून येतो आणि मोबाइलच्या बॅटरीलाही तोच लागतो.

फरशीवरची नक्षीही आता यंत्र छापते, आणि त्या शाईतला निळा बहुधा कोबाल्टचाच असतो. झिलईच्या फरशीला फारसीत अजूनही काशानवरून 'काशी' म्हणतात. बीदरला महमूद गवान यांच्या १४७२ च्या मदरशावर अशा काशीकामाचे तुकडे शिल्लक आहेत. जाल तेव्हा मान वर करून पाहा.